एफवायचा खेळाडू आणि त्याचा गुडघा

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल पहिली थांबते ती शहाडला. टिटवाळा, वासिंद, आसनगावहून उलट दिशेने येणारी कॉलेजची मुले सकाळी इथे उतरतात. कुणी मुरबाड रस्त्यावरच्या बिर्ला महाविद्यालयाकडे जाते, कुणी शेअर रिक्षाने उल्हासनगरकडे. बारावीचा निकाल, प्रवेशाच्या याद्या, पहिली फी हे सगळे आटोपते न आटोपते तोच कॉलेजच्या जिमखान्याच्या फलकावर संघनिवडीची सूचना लागते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर असतात, त्यामुळे क्रीडाशिक्षकांना संघ लवकर उभा करावा लागतो.

बास्केटबॉलच्या निवड चाचणीत मग एखादा एफवायचा मुलगा सगळ्यांचे लक्ष वेधून घेतो. उंच, चपळ, शाळेत आंतरशालेय स्पर्धा गाजवलेला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या डोक्यावरून तो रिबाउंड काढतो, धावत जाऊन बास्केट करतो. मोठ्या क्रीडा संस्थेत असा खेळाडू आधी राखीव बाकावर बसतो, हळूहळू आत येतो. लहान महाविद्यालयात तशी चैन नसते. संघात जेमतेम दहा-बारा मुले, त्यातली निम्मी नुसती हौशी. म्हणून पहिल्याच सामन्यात हा मुलगा पाचांत उतरतो आणि पूर्ण ४० मिनिटे मैदानावर राहतो. दोन-तीन सामन्यांत त्याचे नाव होते. आणि बऱ्याचदा दिवाळीच्या आसपास त्याच्या गुडघ्यावर पट्टा दिसू लागतो.

या दुखण्याला ‘नाजूक मुलगा’ किंवा ‘नशीब’ असे म्हणून सोडून दिले जाते. क्रीडावैद्यकाकडे मात्र त्याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे, आणि ते मुलाच्या जुलैतल्या सरावापेक्षा त्याच्या बारावीच्या वर्षात अधिक सापडते.

बारावीची सुटलेली वर्षे

आपल्याकडे दहावीनंतर खेळाला उतरती कळा लागते. अकरावीत क्लास सुरू होतात, बारावीत ‘एवढे एक वर्ष’ म्हणून बूट माळ्यावर जातात. विज्ञान शाखेच्या मुलांचे तर बारावीनंतरही सीईटी संपेपर्यंत मैदान सुटलेलेच असते. म्हणजे संघनिवडीला येणारा मुलगा वर्ष-दीड वर्ष गंभीरपणे खेळलेला नसतो. रविवारी मित्रांबरोबर टर्फवर घातलेला तास सोडला, तर शरीराला खेळाचा भार माहीतच नसतो.

खेळ थांबल्यावर शरीर किती वेगाने सैलावते, हे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोजले गेले. वर्षानुवर्षे सराव केलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण बंद केला. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांतच ७ टक्क्यांनी घसरली आणि सुमारे आठ आठवड्यांनंतर १६ टक्क्यांच्या घसरणीवर स्थिरावली. ही गोष्ट काही आठवड्यांची. बारावीचा खंड वर्षाहून मोठा असतो.

तरुण शरीराचे कौतुक असे, की ही घसरण भरूनही लवकर निघते. पुन्हा धावायला लागले की काही आठवड्यांत दम परत येतो, मांड्या-पोटऱ्या भरतात. मुलाला वाटते, आपण पूर्वीसारखे झालो. क्रीडाशिक्षकांनाही तसेच वाटते. पण शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत.

दम आधी येतो, कंडरा मागे राहते

स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर म्हणजे कंडरा, डॉक्टरांच्या भाषेत टेंडन. उडी मारताना मांडीच्या स्नायूंचा सगळा जोर गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेतून नडगीच्या हाडाकडे जातो. खाली उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार याच वाटेने झेलला जातो. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तो आठवड्यांच्या हिशोबात सुधारतो. कंडरेला रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून तिचा हिशोब महिन्यांचा.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये याचा एक विलक्षण पुरावा पुढे आणला. १९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले आणि नंतर उतरत गेले. त्या काळात शरीराचा जो भाग घडला, त्यात त्या-त्या वर्षाच्या कार्बनची खूण राहिली. या खुणेवरून टाचेच्या कंडरेचे वय काढले तेव्हा दिसले, की तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत, उंची वाढत असताना घडतो आणि पुढे जवळजवळ तोच राहतो. योग्य भार दिला तर मोठ्या वयातही कंडरा अधिक ताठ आणि बळकट होते, हे खरेच आहे. पण ते सावकाश होते, आणि गाभ्याची झीज सहजी भरून निघत नाही.

एफवायच्या खेळाडूची अडचण नेमकी इथे आहे. ऑगस्टपर्यंत त्याचा दम आणि स्नायू सामन्याला तयार झालेले असतात, पण कंडरा अजून मेमध्येच असते. बळकट झालेला स्नायू तयार नसलेल्या दोराला रोज ओढत राहतो. सुरुवातीला फक्त सामन्यानंतर वाटीच्या खालच्या टोकाशी दुखते. मग सराव सुरू करताना दुखते आणि अंग गरम झाल्यावर थांबते. इथेच फसगत होते, कारण ‘खेळलो की बरे वाटते’ असे म्हणून मुलगा खेळत राहतो. शेवटी जिना उतरतानाही दुखू लागते. या दुखण्याला ‘जंपर्स नी’ म्हणतात. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या २००५ मधल्या पाहणीत बास्केटबॉल खेळणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना ते आढळले होते. त्यांच्यापुढे फक्त व्हॉलीबॉलपटू होते, ४५ टक्के.

चाळीस मिनिटांत काय होते?

बाहेरून पाहणाऱ्याला बास्केटबॉलचे मैदान लहान वाटते. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद जागेत कितीसे धावणार? ऑस्ट्रेलियातल्या अव्वल खेळाडूंच्या सामन्यांचे १९९५ मध्ये बारकाईने मोजमाप झाले. एका सामन्यात एका खेळाडूने सरासरी ४६ उड्या मारल्या आणि सुमारे हजार वेळा हालचाल बदलली. म्हणजे दर दोन सेकंदांनी धावण्यातून थांबणे, थांबण्यातून वळणे, वळण्यातून उडी. खेळ चालू असताना हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १६९ होते.

यातली धाव दमावर निभावते. थांबणे, वळणे आणि उतरणे हे घोटा आणि गुडघ्याच्या जिवावर चालते. आपल्याकडे मैदान बहुधा उघड्यावरचे, सिमेंटचे. पावसाळ्यात त्यावर ओल आणि कडेने शेवाळ. बूट शाळेतले, तळ गुळगुळीत झालेले.

समोरचा खेळाडूही बदललेला असतो. शाळेत वयोगट असतात. १७ वर्षांखालचा मुलगा १७ वर्षांखालच्यांशीच खेळतो. विद्यापीठ स्तरावर वयोगट नाहीत. तिथे १७ वर्षांचा एफवायचा विद्यार्थी पदव्युत्तर वर्गातल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या तगड्या खेळाडूला अडवायला उभा राहतो. सतरा-अठराव्या वर्षी मुलाची उंची जवळजवळ पूर्ण झालेली असली तरी स्नायूंचा भरणा विशीपर्यंत आणि पुढेही चालू राहतो. हाडांची घनताही अजून वाढत असते. उंचीने बरोबरीचे दिसणारे हे दोघे धडकेत बरोबरीचे नसतात.

अमेरिकेतली जुनी बंदी

बास्केटबॉल जन्मला १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे. वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत शिकवणाऱ्या जेम्स नेस्मिथ यांनी थंडीत बंदिस्त जागेत खेळता यावे म्हणून तो तयार केला, आणि वायएमसीएच्या मार्फतच तो मुंबईत नागपाड्यापर्यंत पोहोचला. त्याच अमेरिकेत मोठ्या महाविद्यालयांच्या मुख्य संघात पहिल्या वर्षाच्या मुलांना दीर्घकाळ मज्जाव होता. त्यांचा वेगळा संघ असे. आधी अभ्यासात रुळावे, मग मोठ्यांत खेळावे, असा त्यामागचा विचार.

कौशल्याच्या बाजूने पाहिले तर ही बंदी हास्यास्पद ठरू शकत होती. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांचा संघ आपल्याच मुख्य संघाशी खेळला. मुख्य संघ सलग दोन वर्षे राष्ट्रीय विजेता होता. नवख्यांनी त्याला ७५-६० असे हरवले. त्यांच्यातल्या ल्यू अल्सिंडरने एकट्याने ३१ गुण केले. हाच मुलगा पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगाला माहीत झाला. १९७२ मध्ये बंदी उठली. शहाडजवळचे बिर्ला महाविद्यालय सुरू झाले तेही त्याच वर्षी.

पहिल्या वर्षाचा मुलगा मोठ्यांत खेळू शकतो का, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. त्याला खेळवावेच. मात्र बंदीच्या काळात नकळत एक गोष्ट मिळत होती: नव्या भाराची सवय व्हायला एक हंगाम. बंदी गेली आणि तो हंगामही गेला. तिथल्या मोठ्या विद्यापीठांनी त्याची भरपाई प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ नेमून केली. आपल्याकडच्या लहान महाविद्यालयात बहुधा एकच क्रीडाशिक्षक कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे सांभाळतो. म्हणून इथे उपाय बिनखर्चाचे आणि वहीत मावणारे हवेत.

वहीतला हिशोब

पहिला उपाय भार मोजण्याचा. त्याची सोपी पद्धत जगभर वापरली जाते. सराव संपल्यावर खेळाडूला विचारायचे, ‘आज किती जड गेले? शून्य ते दहात सांग.’ त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. समजा, सुटीत मुलगा आठवड्यातून दोनदा तासभर खेळत होता आणि त्याला ते ४ इतके जड वाटत होते. त्याचा आठवड्याचा भार झाला ४८०. कॉलेजच्या सरावात तो पाच दिवस रोज दीड तास खेळू लागला आणि त्याला ते ७ वाटले, तर भार होतो ३१५०. एका आठवड्यात साडेसहा पट. कागदावर हा आकडा दिसला की कुणीही थांबून विचार करील. हीच वाढ सहा-आठ आठवड्यांत पायरीपायरीने केली, तर कंडरेला वेळ मिळतो. नेमकी किती टक्के वाढ सुरक्षित, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. एकदम मोठी उडी धोक्याची, यावर फारसे नाहीत.

म्हणूनच तयारी संघनिवडीपासून नव्हे, परीक्षा संपल्याच्या दिवसापासून सुरू व्हायला हवी. रोज अर्धा तास चालणे-धावणे, उठाबशा, पायऱ्यांवर टाचा उचलणे, हळूहळू वाढवत नेलेल्या उड्या. दोन महिन्यांची एवढी पूर्वतयारी ऑगस्टमधल्या दुप्पट सरावापेक्षा कामाची.

दुसरा उपाय सरावाआधीच्या २० मिनिटांचा. फुटबॉलपटूंसाठी तयार झालेला ‘फिफा ११ प्लस’ हा व्यायामक्रम इटलीत बास्केटबॉलच्या संघांवर तपासला गेला. धावणे, एका पायावर तोल, पोट-पाठीचे व्यायाम, उडी मारून गुडघे आत न वळवता मऊ उतरणे, असे त्याचे स्वरूप. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हा क्रम करणाऱ्या संघांतील दुखापतींचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी निघाले. साधन काही लागत नाही. मैदानाला दोन फेऱ्या मारून थेट बास्केटखाली जाण्याची सवय मात्र मोडावी लागते.

तिसरा उपाय घोट्याचा. बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक मुरगळतो तो घोटा, आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो. ऑस्ट्रेलियातल्या २००१ च्या अभ्यासात, आधी घोटा दुखावलेल्या खेळाडूंना पुन्हा तीच दुखापत होण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला. स्प्रे मारून आणि क्रेप बँडेज गुंडाळून दुसऱ्या दिवशी उतरवणे हा त्याचा सरळ रस्ता आहे. एक्स-रे कधी काढावा, याचा नियम कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घालून दिला. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या टोकाशी किंवा मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवाच. परत खेळायची कसोटीही साधी आहे. त्या एका पायावर न दुखता उड्या मारता येणे, टाच उचलून उभे राहता येणे आणि वेगात वळता येणे. यांपैकी एकही जमत नसेल, तर सामना कितीही मोठा असो, मुलगा बाहेर.

गुडघ्याच्या कंडरेला मात्र पूर्ण विश्रांतीही मानवत नाही. महिनाभर झोपून राहिले की दुखणे थांबते, आणि खेळायला गेले की परत येते. उड्या कमी करून, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने संथ आणि जड बैठकांसारखे व्यायाम करणे हा मार्ग. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरले तर चालते. दुसऱ्या सकाळी जास्त दुखत असेल, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला.

झोप, डबा आणि एक तपासणी

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातील ११ खेळाडूंना काही आठवडे रोज रात्री किमान १० तास अंथरुणात राहायला सांगितले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची फ्री थ्रोमधली अचूकता ९ टक्क्यांनी वाढली आणि धावण्याची वेळ १६.२ वरून १५.५ सेकंदांवर आली. आसनगावहून पहाटेची लोकल पकडून सकाळी सरावाला येणाऱ्या मुलाला १० तास मिळणे अशक्यच. पण रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पाचला गजर, हे गणित त्याने आणि घरच्यांनी बदलायला हवे. सामना नसलेल्या दिवशी पहाटेचा सराव संध्याकाळी नेणे क्रीडाशिक्षकांच्याही हातात असते.

आहाराचे तसेच. नियमित सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.४ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलोच्या मुलाला किमान ९० ग्रॅम. कँटीनमधल्या दोन वडापावांवर ते जमत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. शिवाय डाळ, उसळ, दही, मासे. हाडांसाठी कॅल्शियमही हवे, कारण घामावाटे तेही जाते. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेज बास्केटबॉल संघात सरावाच्या काळात हाडांतील खनिजांचे प्रमाण ३.८ टक्क्यांनी घटलेले आढळले होते. तो गट लहान होता, त्यामुळे आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लावता येत नाही. पण दूध आणि नाचणीची भाकरी डब्यात असायला तेवढे कारण पुरे.

आणि एक तपासणी हंगामाआधी, न चुकता. खेळताना कधी चक्कर येऊन पडला का, छातीत दुखते का, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला का, हे तीन प्रश्न डॉक्टरांनी विचारायलाच हवेत. बास्केटबॉलसाठी उंच, सडपातळ, लांब हातांची मुले निवडली जातात. त्यांतल्या एखाद्याला मार्फान सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असू शकतो, ज्यात हृदयातून निघणारी महारोहिणी कमजोर असते. अमेरिकेची नामवंत व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमध्ये सामन्यादरम्यान कोसळली आणि गेली, ती याच विकाराने. तिला तो आहे हे मृत्यूनंतर कळले.

दुखणे लपवण्याची कारणे

एवढे सगळे सांगूनही मुलगा दुखणे लपवतो, आणि त्याची कारणे त्याच्या दृष्टीने खरी असतात. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्याची पहिली पायरी स्पर्धेच्या प्रमाणपत्राची. कॉलेजमध्ये फीची सवलत, हजेरीची सूट, वर्गात ओळख हेही संघातल्या जागेवर ठरते. ‘दुखतंय’ म्हटले की जागा जाते, हे त्याने मोठ्या मुलांकडून ऐकलेले असते. घरी सांगावे तर ‘खेळ बंद कर’ हे उत्तर तयार असते. मग पट्टा पँटखाली बांधून तो उतरतो.

ही भीती काढणे डॉक्टरच्या हातात नाही, संघ चालवणाऱ्यांच्या हातात आहे. ‘दुखण्याबद्दल सांगितले म्हणून कुणाची जागा जाणार नाही’ असे हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून दाखवणे आणि नंतर पाळणे, याला खर्च नाही. नवख्याला पहिले काही सामने ४० ऐवजी २० मिनिटे खेळवले, तर एखादा सामना हातचा जाईलही. पण पदवीचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांचा आहे. सतराव्या वर्षी ज्याला पाहून सगळे थबकले, तो विशीत, अंगात खरी ताकद आल्यावर, किती चांगला खेळला असता हे पाहायचे असेल, तर तेव्हा त्याचे गुडघे शाबूत असावे लागतील.